सहाव्या प्रश्नावर अडकलेली पहाट

सूर्योदयाच्या वेळी शहराच्या बंदरात मार्गदर्शकांबरोबर कयाक वल्हवत जाण्याची फेरी मी अखेर केली, पण ती करायची ठरवल्यापासून तब्बल सहा आठवड्यांनी. प्रत्यक्ष पाण्यावरचे दोन-अडीच तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम सकाळींपैकी एक होते. त्याआधीचे जवळजवळ सगळे दिवस मात्र नोंदणीच्या फॉर्ममधल्या सहाव्या प्रश्नाने खाल्ले. ज्यांना दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा असा एखादा आटोक्यात असलेला, पण कायमचा आजार आहे, त्यांची वाटही त्याच प्रश्नावर अडण्याची शक्यता असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

तारीख निवडणे सोपे होते, कारण तारखाच मोजक्या होत्या. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पहाटे पूर्ण भरती आणि थबकलेले पाणी असा योग दर पंधरवड्यात तीन-चार दिवसच जुळून येतो. त्या बंदरात तो शुक्ल आणि वद्य अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या भरतीच्या दिवसांत येतो. तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते आणि प्रवाहाचा जोरही बेताचा असतो. आयोजकांनी फेऱ्या या दिवसांपुरत्याच ठेवल्या आहेत आणि हा निर्णय मला पूर्णपणे पटतो. पण त्याचा एक परिणाम मला फार उशिरा कळला: कागदपत्रांपायी हे मोजके दिवस हुकले की पुढची संधी लगेच येत नाही, ती पंधरा दिवसांनी येते.

फॉर्मचा सहावा प्रश्न असा होता: ‘आपणास श्वसनाचा कोणताही विकार आहे किंवा पूर्वी कधी होता काय?’ मला लहानपणापासून दमा आहे. तो आता उत्तम आटोक्यात आहे, रोजचे औषध ठरलेले आहे आणि तातडीचा निळा इनहेलर महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. मी ‘होय’ असे उत्तर दिले आणि फॉर्म तिथेच थांबला. पुढचे पान उघडण्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे आवश्यक होते आणि त्याचा नमुनाही दिलेला होता. त्यात एकच वाक्य होते: सदर व्यक्ती या उपक्रमात सहभागी होण्यास सर्व दृष्टींनी तंदुरुस्त असून तिला कोणताही धोका नाही.

माझ्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी छाती तपासली, श्वास सोडण्याचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकायला लावले, आकडा मागच्या नोंदींशी ताडून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “तुमचा दमा आटोक्यात आहे, हे मी तपासून लिहून देऊ शकतो. पण पाण्यात तुम्हाला कोणताही धोका नाही, हे मी कशाच्या आधारावर लिहू? तसा थोडाफार धोका सगळ्यांनाच असतो.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. त्यांनी स्वतःच्या कागदावर निदान, औषधे, शेवटचा मोठा त्रास कधी झाला आणि व्यायामावर काही बंधन आहे का, असे सगळे मुद्देसूद लिहून, सही-शिक्का करून दिले. कोणत्याही समंजस माणसाला त्या पत्रातून हवे ते सर्व कळले असते.

चार दिवसांनी उत्तर आले: प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही. तोवर पहिली तारीख दोन दिवसांवर आली होती. मी कार्यालयात फोन केला. ज्यांनी तो उचलला ते म्हणाले, “डॉक्टरांचे पत्र आहे ना, मग चालेल, मी नोंद करून ठेवतो.” खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तर वेगळ्याच व्यक्तीने अशी कोणतीही नोंद नसल्याचे आणि नमुन्याशिवाय पाण्यात उतरता येणार नसल्याचे सांगितले. पहिली तारीख गेली. त्या पहाटे मला सवयीने साडेचारला जाग आली. बाहेर वारा अजिबात नव्हता आणि याच वेळी कोणीतरी बोटी पाण्यात ढकलत असेल, या विचाराने मला मनस्वी वाईट वाटले.

दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना विनंती करून आयोजकांचाच नमुना वापरायला लावले. त्यांनी ‘कोणताही धोका नाही’ हे शब्द एका रेषेने खोडले, शेजारी ‘दमा नियंत्रणात आहे’ असे लिहिले आणि खोडलेल्या जागी सही केली. उत्तर आले: खाडाखोड असलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही. दुसरा पंधरवडाही गेला.

या काळात मला दोघा-तिघांनी एकच सल्ला दिला: नवा फॉर्म भर आणि सहाव्या प्रश्नाला ‘नाही’ म्हण, कोण तपासतो आहे? हा सल्ला मी मानला नाही आणि वाचणाऱ्यांनीही मानू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. थंड हवा, अचानक पडलेले श्रम आणि भीती या तिन्ही गोष्टी दम्याला चिथावू शकतात, आणि पहाटे अंधारात पाण्यावर त्या एकदम वाट्याला येऊ शकतात. कयाक उलटली, मी पाण्यात पडले आणि धाप लागली, तर माझ्याजवळ पोहोचणाऱ्या माणसाला ही नुसती घाबरगुंडी आहे की दमा, हे आधीपासून माहीत असायला हवे. शिवाय खोट्या उत्तरावर सही केल्यानंतर विम्याचा आधार उरेल, असे गृहीत धरता येत नाही. खरे उत्तर देणाऱ्याला महिनाभर ताटकळत ठेवणारी पद्धत खोटे बोलायलाच शिकवते आणि माझा खरा राग त्यावर आहे. त्या एका वाक्यामुळे किती जण मुकाट्याने ‘नाही’वर खूण करून पाण्यात उतरत असतील, याची मला आजही काळजी वाटते.

शेवटी मी वाद घालायचे सोडले आणि चार ओळींचे पत्र पाठवले. आजार कोणता, औषध कोणते, शेवटचा त्रास कधी झाला हे लिहून, ‘जी व्यक्ती प्रत्यक्ष पाण्यावर आमच्याबरोबर असणार आहे, तिच्यापर्यंत हे पोहोचवावे’ अशी विनंती केली. दुसऱ्याच संध्याकाळी मुख्य मार्गदर्शक बाईंचा फोन आला. त्यांनी चार प्रश्न विचारले. त्रास कशाने सुरू होतो? निळा इनहेलर किती वेळा लागतो? त्याने किती मिनिटांत आराम पडतो? रुग्णालयात कधी जावे लागले होते का? उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, “डॉक्टरांचे पहिले पत्रच मला हवे होते. तेच पाठवा, बाकीचे मी पाहते.” दोन दिवसांत नोंदणी पक्की झाली. अशी अडचण आली तर कार्यालयाशी नमुन्यावरून झगडत बसू नये. सुरुवातीलाच फेरी चालवणाऱ्या माणसाशी बोलू देण्याची मागणी करावी आणि डॉक्टरांकडून ‘तंदुरुस्त’ या शब्दाऐवजी आजाराची वस्तुस्थिती लिहून घ्यावी. एवढे मला आधी कळले असते, तर माझा एक महिना वाचला असता.

ठरलेल्या दिवशी सूर्योदयाच्या सव्वा तास आधी आम्ही आठ जण धक्क्याच्या उतारावर जमलो. कपडे हवेचा नव्हे, तर पाण्याचा गारवा धरून घालावेत, असे आधीच बजावले होते, कारण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. सुती कपडा एकदा भिजला की तो गारच राहतो, म्हणून तो अजिबात नको. चष्मा असेल तर दोरी बांधावी, हे मात्र कोणी सांगितले नव्हते आणि माझ्या मागे बसलेल्या गृहस्थांना ते महागात पडणार होते.

बोटी दोन आसनी होत्या. पुढच्याने वल्ह्यांचा ताल धरायचा आणि मागच्याने पायांनी सुकाणू सांभाळायचे. वल्हवणे दंडांनी नव्हे, तर कमरेतून वळून आणि पायाने रेटा देऊन करायचे असते, आणि बोट उलटली तर पुढे वाकून, दोन्ही हातांनी कडा ढकलून बाहेर यायचे असते, याचा सराव कोरड्या जमिनीवरच झाला.

मग मार्गदर्शक बाई टॉर्च घेऊन प्रत्येकाचे लाइफ जॅकेट ओढून पाहत आल्या. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारले, “इनहेलर कुठे आहे?” मी अभिमानाने सांगितले, “मागच्या कप्प्यात, ड्राय बॅगेत.” त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी कप्प्याचे झाकण उघडून पिशवीतून इनहेलर काढला, निळे टोपण घट्ट बसल्याची खात्री केली, तो झिप असलेल्या छोट्या पारदर्शक पाकिटात घातला, पाकिटाच्या भोकातून दोरी ओवून तिची गाठ माझ्या जॅकेटच्या कडीला मारली आणि पाकीट छातीवरच्या डाव्या खिशात सरकवले. “पाण्यावर असताना मागचा कप्पा तुम्हाला एकटीला उघडता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आता डोळे मिटा, उजव्या हातात वल्हे धरून डाव्या हाताने तो बाहेर काढा.” पहिल्या वेळी माझी बोटे चेनवरून घसरली, दुसऱ्या वेळी जमले. तेवढ्यात त्यांनी आपल्या सहायकालाही तो खिसा दाखवून ठेवला. या सगळ्याला मिनिटभरही लागले नसेल. माझ्या जिवाशी खऱ्या अर्थाने संबंध असलेला तो एकमेव प्रश्न होता, आणि तो ना फॉर्ममध्ये होता, ना नमुन्यात. मला हायसे वाटले आणि लगेच त्या महिनाभराचा संताप नव्याने उसळून आला.

पाणी इतके स्थिर होते की वल्ह्याच्या पात्यावरून ओघळणाऱ्या थेंबांची वर्तुळे एकमेकांत मिसळताना दिसत होती. दिवसा बोटींच्या लाटा धक्क्याच्या उभ्या भिंतींवर आपटून परत फिरतात आणि बंदराचे पाणी चहूबाजूंनी खळबळते. पहाटे वर्दळ नसल्यामुळे तो त्रास जवळजवळ नसतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मात्र अंगाला जाणवत होता. तो नवख्या माणसाला नकळत किनाऱ्यापासून दूर नेतो, म्हणून जाताना ‘किती सहज चाललो आहोत’ या आनंदात परतीचे बळ खर्च करू नये.

जहाजांच्या मार्गाशी आल्यावर बाईंनी रेडिओवरून विचारणा केली आणि एक मालवाहू जहाज आत येत असल्याने आम्हाला थांबायला सांगण्यात आले. आम्ही चारही बोटी शेजारी शेजारी आणून, एकमेकांच्या बोटींवर वल्ही आडवी टाकून धरली. अशी जोडलेली रांग जवळजवळ तराफ्यासारखी स्थिर राहते. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नसते, आणि वल्ह्याच्या बोटीत वेळीच दाखवता येईल असा पांढरा दिवा हाताशी ठेवायचा असतो. मोठ्या जहाजाच्या चालककक्षातून नाकापुढचे पाणी 500 मीटरपर्यंत दिसले नाही, तरी ते नियमात बसू शकते, हे ऐकल्यावर थांबण्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही. जहाज गेले, मागाहून त्याची लांब, गुळगुळीत लाट आमच्या रांगेखालून सरकली, आणि त्याच हेलकाव्यात मागच्या गृहस्थांचा चष्मा पाण्यात गेला.

त्या थांब्यातच सूर्य उगवला. आधी पाण्याचा करडा रंग फिकट गुलाबी झाला, क्रेनच्या उंच दांड्यांची टोके उजळली आणि मग क्षितिजावर लालभडक कड दिसली. वातावरणात प्रकाश वाकत असल्यामुळे सूर्याचे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते, तेव्हा हिशेबाने ते अजून क्षितिजाखालीच असते, असे मी पूर्वी वाचले होते. त्या क्षणी मात्र मला एवढेच जाणवत होते की माझा श्वास मोकळा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी मी इनहेलर घेतला होता. पाण्यावर तो लागला नाही, तरी मी दोनदा खिशावर हात ठेवून पाहिला.

परतीला वारा समोरून होता आणि शेवटची वीस मिनिटे खांदे भरून आले. फोटो काढायचे असतील तर ते जातानाच काढावेत, कारण ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही.

फेरीनंतर मी आयोजकांना पत्र लिहून सहाव्या प्रश्नाखाली ‘तातडीचे औषध कोणते आणि ते कुठे ठेवणार आहात?’ अशी ओळ घालण्याची, तसेच नमुन्यातले ते एक वाक्य बदलण्याची विनंती केली. सूचना नोंदवून घेतल्याचे उत्तर आले. परवा मी पुढच्या अष्टमीच्या आसपासची एक तारीख घेतली. सहावा प्रश्न होता तसाच आहे. या वेळी फॉर्म उघडण्याआधीच मी डॉक्टरांचे पत्र त्या मार्गदर्शक बाईंकडे पाठवून दिले होते.