फळ्याचा उजवा कोपरा

नववीत आमचे गणिताचे सर शनिवारी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक कोडं लिहायचे, भोवती चौकट आखायचे आणि खाली 'पुसू नये' असं बजावायचे. सोमवारी उत्तर विचारायला गेलं की उलट आम्हालाच विचारायचे, "तुला काय वाटतं?" याचा तेव्हा भयंकर राग यायचा.

लांडगा, बकरी आणि कोबी नदीपार नेण्याचं कोडं मधल्या सुट्टीतच सुटलं. ते हजार वर्षांहून जुनं आहे हे कळल्यावर तर आमची छाती फुगली. ती उतरली पुढच्या शनिवारी. सरांनी आठ बाय आठ घरांचा चौकोन काढला, तिरक्या रेषेत समोरासमोर येणारी दोन कोपऱ्यांतली घरं खोडली. उरली ६२ घरं. शेजारची दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी ती सगळी झाकता येतील का? एवढंच.

माझ्या बाकावरच्या मित्राने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. आलेखाच्या वहीची पानंच्या पानं भरली. दर वेळी ३० पट्ट्या बसायच्या, दोन घरं उरायची आणि ती कधीच एकमेकांना चिकटून नसायची. मी मात्र दुसऱ्याच दिवशी कंटाळलो.

गुरुवारी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने वहीत एक घर सोडून एक रंगवलं. तेवढ्यात आम्हाला दिसलं, की सरांनी बुद्धिबळाचं नावच मुद्दाम काढलं नव्हतं! खोडलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे. म्हणजे एका रंगाची ३२ घरं, दुसऱ्याची ३०. पट्टी कशीही ठेवा, ती दोन्ही रंगांचं एकेकच घर झाकणार. जमणं शक्यच नाही.

मी धावत जाऊन मित्राला सांगून टाकलं. तो खूश होईल असं वाटलं होतं. त्याने वही मिटली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उरलेली घरं शेजारी का येत नाहीत, तिथपर्यंत मी पोचलो होतो रे." शाळेत छड्या खाल्ल्या, पण हे वाक्य जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्यात करार आहे: वाट दाखवायची, उत्तर फोडायचं नाही. कॉलेजात तीन दारांचं कोडं आलं. एका दारामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. आपण एक दार निवडायचं, मग कुठे काय आहे ते ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडून विचारतो, निवड बदलणार का? बदलावी, असं १९९० मध्ये अमेरिकी स्तंभलेखिका मॅरिलिन व्होस सावंत यांनी आपल्या सदरात लिहिलं, तर त्या चुकल्या म्हणून हजारो पत्रं आली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. मीही त्याच पंगतीतला, हटून बसलेला. मित्राने वाद घातला नाही. पत्त्यांतली तीन पानं पुढे ठेवली आणि म्हणाला, "साठ वेळा खेळ." विसाव्या डावापर्यंत माझा आवाज खाली आला होता.

स्मरणिकेसाठी मजकूर मागितला, तेव्हा त्याला फोन केला. म्हणाला, "आठवणी कसल्या लिहितोस, कोडं घाल." तर घ्या: तोच आठ बाय आठचा पट. या वेळी एक काळं आणि एक पांढरं घर काढायचं, कुठलंही. ३१ पट्ट्या दर वेळी बसतील का?

उत्तर मला ठाऊक आहे. त्याचं अजून चालू आहे, त्यामुळे इथे लिहीत नाही.