आमच्या गल्लीतल्या खांबांवरच्या बंद दिव्यांसाठी दोन महिने (माझा अनुभव)

मी चंदगड तालुक्यातली, एमएस्सीला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आले आणि सायबर चौकातनं आत एका गल्लीत चौघींनी मिळून रूम घेतली. गोष्ट 2023 च्या पावसाळ्यातली आहे. चौकात रात्री उजेड असतो, गाड्या असतात, चहावाला असतो, पण आत वळून शे-दोनशे पावलं गेलं की पुढचं काही दिसायचं नाही. अभ्यासिका दहाला बंद व्हायची, मग मोबाईलचा टॉर्च लावून, आईला फोन लावून तो रूमवर पोचेपर्यंत चालूच ठेवायचा. आई काही बोलायची नाही, नुसती ऐकत बसायची.

जुलैत एका रात्री माझी रूममेट एकटीच येत होती, पाऊस बारीक चालू होता, आणि एक बाईक हेडलाईट बंद करून तिच्या मागनं सावकाश यायला लागली. ती पळाली, ओरडली, एका काकांनी गॅलरीतनं आवाज दिला तशी बाईक निघून गेली. आम्ही 112 ला फोन केला. पोलिस आले, नीट बोलले, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "नेमकं कुठं झालं?" आणि आम्हा चौघींपैकी एकीलाही ते सांगता येईना. रिकाम्या प्लॉटजवळ म्हटलं तर आमच्या गल्लीत रिकामे प्लॉट तीन आहेत. रोज ज्या रस्त्यानं जातो तिथली जागा आपल्याला सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याआधी आम्ही तक्रार केली नव्हती असं नाही, महापालिकेला तीनदा फोन केला होता, "गल्लीत अंधार आहे, लाईट बंद आहेत" एवढंच सांगितलं होतं, आणि एकदा तर काहीही काम न होता तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. मग लेखी अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, मॅडम, खांब वीज कंपनीचा आहे, तिकडं जावा. तिकडं गेले तर म्हणाले, खांब आमचा पण दिवा त्यांचा. नगरसेवकाकडं जावं तर तेव्हा शहरात नगरसेवकच नव्हते, नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच होते. त्या दिवशी परत येताना दसरा चौकातनं आले, तिथली जुनी बोर्डिंगं बघून मला रडूच आलं. शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, खेड्यातल्या पोरांना शिकायला राहायला जागा दिली, आणि त्याच गावात आम्हा शिकायला आलेल्या पोरींना रूमपर्यंत नीट चालत जाता येऊ नये?

मग पोलिसांचा तो प्रश्नच धरला. दुसऱ्या रात्री आम्ही चौघी आणि मेसच्या काकूंचा मुलगा असे वही घेऊन गल्लीच्या तोंडापासून खांब मोजत निघालो. एकूण तेरा खांब. प्रत्येकाचा नंबर वहीत लिहिला, शेजारचं घर, दुकान काय ते लिहिलं, आणि फोटो काढले. दोन, पाच, आठ आणि अकरा नंबर पूर्ण बंद. चार नंबर लुकलुकत होता. नऊ नंबरचा दिवा चालू होता पण तो झाडाच्या फांद्यांत घुसलेला, सगळा उजेड पानांवर आणि खाली रस्ता काळाच. म्हणजे आठ बंद, नऊ झाडात, शेजारी रिकामा प्लॉट. बाईकचा प्रकार झाला तो तिथंच. आपल्याला भीती वाटते ती उगाच नाही हे तेव्हा कागदावर दिसलं.

हे सगळं एका पानावर काढून परत अर्ज दिला, यावेळी पोच घेतली, शिक्का मारून. पोच घ्या, एवढं मी प्रत्येकीला सांगते. पंधरा दिवस काही हललं नाही म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अवघड काही नाही त्यात, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना भरायचा, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मी "लाईट का बंद आहेत" असं विचारलंच नाही, कारण 'का' ला कोण उत्तर देत नाही. मी विचारलं की आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (म्हणजे बिघाड झाला तर त्यानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपर्यंत आहे, आणि दुरुस्तीच्या नोंदवहीची प्रत द्या.

उत्तर यायच्या आधीच, तेराव्या दिवशी, शिडीची गाडी गल्लीत आली. वायरमन काका पन्नाशीचे असतील. मी माझा कागद दाखवला तर त्यांनी तो चष्मा वर करून दोनदा बघितला आणि म्हणाले, "ताई, दोन, पाच, आठ, अकरा... हे दिवे गेलेलेच न्हाईत, एक फेज गेलाय की." मग त्यांनी समजावलं, रस्त्यावरचे दिवे तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांवर, आळीपाळीनं जोडलेले असतात, त्यामुळं एक फेज गेला की दर तिसरा खांब बंद पडतो. "नुसता अंधार आहे सांगितलं तर मी एक दिवा बदलून गेलो असतो," असं ते सरळ बोलले. दोन नंबरच्या खांबाचं खालचं झाकण उघडलं, आत पाणी, आणि वायरचा जॉइंट हिरवा पडलेला, बोट लावलं तर भुगा होऊन खाली आला. तो कापून नवा केला, टेप गुंडाळला, पेटीकडं जाऊन चालू केलं आणि चारही दिवे एकदम लागले. काकूंनी मेसमधनं बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या. चार नंबरचा ड्रायव्हर गेलेला, म्हणजे दिव्याच्या आतला वीजपुरवठ्याचा भाग, तो बदलला. एलईडीत बऱ्याचदा तोच जातो म्हणे, दिवा चांगला असतो.

त्या रात्री आईला फोन केला तो रूमवर पोचल्यावर केला.

नऊ नंबर मात्र अजून तसाच आहे, कारण फांद्या छाटायला वेगळं खातं आणि वेगळी परवानगी लागते. आणि हेही सांगते की उजेड आला म्हणून सगळं झालं नाही, चहाची टपरी बंद झाल्यावर त्या प्लॉटजवळ माणूसच नसतं, म्हणून आम्ही गल्लीतल्या सहा-सात रूमच्या पोरींचा एक ग्रुप केलाय, दहाला अभ्यासिकेच्या दारात थांबायचं आणि एकत्र निघायचं. माझं शिक्षण संपलं, वही आता आजऱ्याहून आलेल्या एका पोरीकडं आहे. परवा तिचा मेसेज आला, "ताई, पाच आणि आठ परत बंद, पण दोन आणि अकरा चालू आहेत, मग हे फेजचं नसणार ना?" मी तिला म्हटलं, आधी दोन्ही खांबांची झाकणं बघ, पण हात लावू नकोस, फोटो काढ आणि अर्जाला जोड.