हिस्लॉपच्या मागे, टाकळघाटपर्यंत

नागपुरात हिस्लॉप म्हटलं की कॉलेज. त्या कॉलेजात मी तीन वर्षं काढली, पण ते नाव ज्याचं, तो माणूस कोण हे मला चाळिशीत कळलं. तेही एका गोगलगायीमुळे.

नागपूरच्या टाकळीला नात्यातल्या एकाच्या घराचा पाया खणताना निघालेला दगड माझ्या टेबलावर आहे. करडा, काचेसारखा कडक चर्ट. फुटलेल्या बाजूला नखाएवढी पांढरट गोगलगाय. तिचं तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं, ही फायसा जातीची, म्हणून उलटी. बोट ओलं करून फिरवलं की वेटोळी एकदम उठून दिसतात. लाव्हाचा एक थर निवला, वर पाणी साचलं, त्यात ही वाढली, मग पुढचा थर येऊन सगळं झाकून गेला.

याच टाकळीत स्टीफन हिस्लॉप आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर असले जीवाश्म गोळा करत फिरत. हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये नागपुरात आला आणि पुढच्याच वर्षी शाळा काढली. कॉलेज त्याच्या नावाने निघालं ते १८८३ मध्ये, तो गेल्यावर वीस वर्षांनी. धर्मप्रसार हा त्याचा मूळ धंदा, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मला ओढ लागली ती त्याच्या दगडांची. टाकळीत गोगलगायींबरोबर फळं, बिया, किड्यांच्या पंखांची कवचं निघाली. कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीला एका उभयचराची कवटी, तिचं वर्णन १८५५ मध्ये लंडनला शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने केलं. आणि १८६० च्या निबंधात या गृहस्थाने गोगलगायी पाहून सांगितलं की दख्खनचा लाव्हा टर्शरी, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या, काळातला. आज त्या लाव्हाचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं धरतात, म्हणजे टर्शरीच्या अगदी उंबरठ्यावरचं. किरणोत्साराने वय काढायची सोय नसताना हे! शिकवून उरलेल्या वेळात.

टाकळीचा हिरवट कॅल्साइट हिस्लोपाइट झाला, गोड्या पाण्यातला एक चिमुकला जीव हिस्लोपिया. नागपूरकरांना दोन्ही ठाऊक नाहीत. मलाही नव्हते.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी गाडी काढली. वर्धा रोड, मग बुटीबोरी. एमआयडीसीच्या ट्रकांमागे अर्धा तास धूर खाल्ला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. टाकळघाटला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. शिळावर्तुळं शोधायला गाडी बांधावर लावून चिखलात उतरलो. काळी माती चपलेला अशी धरते की दर दहा पावलांनी थांबून काडीने खरवडावी लागते. पऱ्हाटीच्या ओळींच्या पलीकडे, गवतात अर्धे बुडालेले गोल गोटे. एकामागून एक चालत गेलं तेव्हा कुठे ते वळतायत हे लक्षात आलं. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं. गोटे आतही भरलेले असतात, खाली भांडी नि लोखंडाची हत्यारं.

बैल घेऊन चाललेले एक आजोबा थांबले.

"काय पाहून राह्यले जी?"

"गोटे."

"गोट्यात काय पाहाचं?"

"दीडशे वर्षांआधी एक साहेब आला होता हेच पाहाले."

"मंग? सापडलं काई त्याले?"

मी म्हटलं, "परत जाताना नाल्यात बुडाला."

आजोबांनी मान हलवली. "पोळ्याच्या सुमाराले नाल्याचा भरोसा नाई," म्हणाले, आणि बैल हाकत निघून गेले.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्याबरोबर हिस्लॉप ही वर्तुळं पाहायला आला होता. रात्री घोड्यावरून परतताना पूर आलेल्या पाण्यात गेला. चार दिवसांनी तो सेहेचाळीस वर्षांचा झाला असता. त्याने जमवलेली गोंडांची गाणी, त्यांच्या लिंगो या आदिपुरुषाची कथा, शब्दांच्या याद्या टेंपलने १८६६ मध्ये छापून घेतल्या. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय, तोही त्याच १८६३ चा.

पाऊस सुरू झाला. परतताना रस्त्यावरून एक ओहोळ वाहत होता, घोट्याएवढाच. येताना कोरडा होता. मी गाडी बंद केली, पाणी उतरेपर्यंत पंधरा मिनिटं काठावर थांबलो.