लाईन जाणाऱ्या गावातला क्लस्टर: मॉनिटरिंग एजंट बसवला, त्याची नोंद

मागच्या नोंदीत घरच्या क्लस्टरचे (एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या गटाचे) तिन्ही नोड, म्हणजे त्यातले तिन्ही संगणक, उभे राहिले होते. आता त्यांच्यावर नजर ठेवणारा एजंटही बसला आहे आणि नीट चालतो आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्हा. एक जुना लॅपटॉप केथ्रीएसचा (अनेक संगणकांवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) सर्व्हर आहे आणि दोन रास्पबेरी पाय 4 (एका बोर्डाचे छोटे संगणक, पुढे नुसतं "पाय") कामकरी नोड आहेत. त्यांच्यावर मॉस्किटो ब्रोकर (सेन्सरचे निरोप घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्राम), घरच्या फोटोंचा संग्रह आणि शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरचं एक पान चालतं.

एजंट बसवायला एक संध्याकाळ पुरते. आपल्याकडे अवघड आहे ते पुढचं: आलेख मधेच तुटला की त्या तुटीचा अर्थ लावणं. लाईन गेली, नेट गेलं की एजंटच मेला? शहरातल्या डेटा सेंटरसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका हा प्रश्न दोन ओळींत उरकतात. आमच्याकडे वादळी पावसाच्या दिवसांत तो रोजचा आहे, म्हणून सगळी मांडणी मी त्याच्याभोवती केली.

काय निवडलं

प्रोमिथिअस (आकडे गोळा करून साठवणारा) आणि नोड एक्सपोर्टर (प्रत्येक नोडचे आकडे देणारा एजंट). प्रोमिथिअस 2012 साली साउंडक्लाउडमध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये सीएनसीएफमध्ये (क्लाउडचे मुक्त प्रकल्प सांभाळणारी संस्था) आला, कुबरनेटीसनंतरचा दुसराच प्रकल्प म्हणून. त्यामुळे या दोघांचं एकमेकांशी चांगलं जमतं. केथ्रीएससोबत मेट्रिक्स सर्व्हर आयता येतो, पण तो फक्त आत्ताचे आकडे देतो, मागचं काही साठवत नाही. आपल्याला तर "काल रात्री काय झालं" हेच हवं असतं. सगळं एकदम बसवणारं तयार मोठं हेल्म पॅकेजही आहे. लॅपटॉपच्या रॅमकडे पाहून ते टाळलं आणि लागणारे तुकडे हातानेच लावले.

नोड एक्सपोर्टर डेमनसेट म्हणून टाकला, म्हणजे प्रत्येक नोडवर एकेक पॉड (चालू प्रोग्रामचा डबा) आपोआप. त्याची यामल फाईल (मांडणी सांगणारी फाईल) लिहिताना तीन गोष्टी नक्की तपासा. पहिली, होस्ट नेटवर्क चालू ठेवा, नाहीतर नेटवर्कचे आकडे पॉडचे येतात, बोर्डाचे नाही. दुसरी, नोडची मूळ फाईलसिस्टीम फक्त वाचण्यासाठी माउंट करून तिचा पत्ता रूटएफएसच्या पर्यायात द्या, आणि माउंट प्रोपगेशन "होस्ट टू कंटेनर" ठेवा. नंतर लावलेला पेनड्राइव्ह किंवा एसएसडी त्याशिवाय दिसत नाही. तिसरी, टॉलरेशनमध्ये सगळे टेंट (नोडवर पॉड येऊ न देणारे शिक्के) चालतील असं लिहा. केथ्रीएस सर्व्हर नोडवर स्वतःहून टेंट लावत नाही, पण उद्या कोणी लावला तरी एजंट तिथून हटता कामा नये.

डेमनसेटचा एक गुण आपल्यासाठी लाखमोलाचा आहे. साधा पॉड असलेला नोड गायब झाला की 5 मिनिटांनी तो पॉड तिथून काढायला घेतात. डेमनसेटच्या पॉडना ही मुदतच नसते. लाईन आली, पाय चालू झाला की एजंट आपल्या जागी हजर.

मेमरीची मर्यादा 64 एमआयबी दिली आहे, आणि तेवढ्यात नोड एक्सपोर्टर आरामात राहतो. पायवर केथ्रीएस चालवणाऱ्यांनी मेमरी सीग्रुप (मेमरीवर मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) बूटच्या कमांडलाइन फाईलमध्ये चालू केला आहे ना, ते आधी पाहावं. रास्पबेरी पाय ओएसमध्ये तो मुळात बंद असतो.

साठवण

प्रोमिथिअस लॅपटॉपवरच बांधून ठेवला आहे, कारण एसएसडी तिथेच आहे. एसडी कार्डवर सतत लिहिणं आणि मधेच लाईन जाणं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की कार्ड टिकत नाही.

दर 30 सेकंदांनी आकडे घेतो. मालिका (वेळेनुसार नोंदला जाणारा एकेक आकडा म्हणजे एक मालिका) साधारण 3,000 आहेत, म्हणजे सेकंदाला 100 नमुने आणि दिवसाला 86.4 लाख. प्रोमिथिअसला एका नमुन्याला सरासरी 1 ते 2 बाइट लागतात, म्हणजे दिवसाला 9 ते 17 एमबी. आकडे ठेवण्याची मुळातली मुदत 15 दिवसांची आहे. मी ती वर्षभराची केली, तरी 7 जीबीच्या आत राहील. यंदाचा मे आणि पुढचा मे शेजारी ठेवून पाहता यावा, एवढी इच्छा आहे.

मालिका 3,000 वर आणायला मात्र छाटणी करावी लागली. केथ्रीएसमध्ये सगळे घटक एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे क्युबलेटकडे (नोडवरचे पॉड सांभाळणारा घटक) आकडे मागितले तरी एपीआय सर्व्हरचे (क्लस्टरचं मुख्य दार) आकडेही सोबत येतात. ते हिस्टोग्रामचे ढीग आकडे साठवण्याआधी गाळणाऱ्या मेट्रिक रीलेबलच्या नियमाने दारातच टाकून दिले. घरच्या क्लस्टरला त्यांचा उपयोग नाही.

तुटीचा अर्थ

आता मुख्य गोष्ट. प्रोमिथिअस दर वेळी लक्ष्याकडे आकडे मागतो आणि "अप" नावाची एक मालिका स्वतः लिहितो: उत्तर आलं तर 1, नाही आलं तर 0. म्हणजे 0 दिसला तर विचारणारा जिवंत होता आणि समोरचा गप्प होता. काहीच नोंद नसेल तर विचारणाराच बंद होता. हा फरक उपयोगी पडावा म्हणून वीज मुद्दाम वेगवेगळी दिली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, राउटर आणि स्विच छोट्या 12 व्होल्टच्या यूपीएसवर, आणि दोन्ही पाय थेट लाईनवर, कुठलाही आधार न देता. लाईन गेली की दोन्ही पाय एकाच वेळी 0 होतात आणि लॅपटॉप ते लिहून ठेवतो. एकच पाय 0 झाला तर प्रश्न त्या बोर्डाचा किंवा त्याच्या केबलचा.

याहून सरळ पुरावा लॅपटॉपवरच्याच एजंटकडे निघाला. नोड एक्सपोर्टर चार्जरची स्थितीही वाचतो: वीजपुरवठ्याची "ऑनलाइन" नावाची मालिका, चार्जरला वीज असेल तर 1, नसेल तर 0. वेगळं काही लावावं लागत नाही. हा आलेख ग्राफानावर (आलेख दाखवणारा प्रोग्राम) एका पट्टीसारखा लावला आहे, लाईन असेल तिथे हिरवा, नसेल तिथे लाल.

बाबा तो पट्टा पाहत होते. म्हणाले, "म्हंजे रातच्याले लाईन कितीक वाजता गेलती, हे सांगते का हे?" मी लाल तुकड्यावर बोट ठेवलं. 1:42 ते 4:10. त्यांनी मान डोलावली आणि लगेच पुढचं विचारलं, "मंग वावरातली थ्री फेज कवा आली, हे काहून नाई सांगत?" त्याबद्दल शेवटी लिहितो.

लाईन आल्यावर पाय किती वेळापासून चालू आहे हे पाहायला बूटची वेळ बघतात, पण इथे एक खाचखळगा आहे. पाय 4 मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. अचानक लाईन गेली की बोर्ड उठतो तो शेवटी जपून ठेवलेली जुनी वेळ घेऊन, आणि नेट मिळाल्यावरच वेळ दुरुस्त होते. आमच्याकडे लाईन येते आणि फायबर बऱ्याच उशिराने येतं. त्या मधल्या काळात बूटची वेळ चुकीची दिसते आणि वेळ जुळली की एकदम उडी मारते. म्हणून नुसती बूटची वेळ घेऊ नका. नोडची आत्ताची वेळ वजा बूटची वेळ, असं करा. दोन्ही एकाच घड्याळावरून येतात, त्यामुळे वजाबाकी कायम बरोबर येते.

नमुन्यांवरचा शिक्का प्रोमिथिअस स्वतःच्या घड्याळाने मारतो आणि लॅपटॉपला स्वतःचं घड्याळ आहे, त्यामुळे आलेख सुरक्षित राहतात. पण पायवरचे लॉग आणि सेन्सरच्या नोंदी मागच्या वेळेने पडतात. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉपवर क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्राम) टाकला आणि नेट नसतानाही तो घरातल्या बोर्डांना वेळ देईल असं केलं. घड्याळ जुळलं की नाही हे नोड एक्सपोर्टरच्या टायमेक्सच्या मालिकेत दिसतं. तिच्यावर एक इशारा लावून ठेवा.

तिसरी शक्यता एजंट मेल्याची. क्युब स्टेट मेट्रिक्स नावाचा जोडप्रोग्राम, पॉड किती वेळा उठला आणि आधीचा का मेला ते सांगतो. मेमरी संपून मारला गेला असेल तर तसं नाव येतं. प्रोमिथिअससाठी इथे मर्यादा सैल ठेवा. लॅपटॉपची बॅटरीही संपून तो बंद पडला तर पुन्हा उठताना प्रोमिथिअस आपली लिहून ठेवलेली वही परत वाचतो आणि त्या वेळी रॅम एरवीपेक्षा जास्त घेतो. मर्यादा अगदी घट्ट असेल तर वाचतानाच मारला जातो, पुन्हा उठतो, पुन्हा मारला जातो.

बाहेरचा डोळा

सगळंच बंद पडलं तर घरातला कोणीच सांगू शकत नाही, म्हणून मुंबईत भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला. आमच्या फायबरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, त्यामुळे बाहेरून आत येऊन आकडे घेणं शक्य नाही. लॅपटॉपच रिमोट राइटने (आकडे दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवण्याची प्रोमिथिअसची सोय) निवडक मालिका तिकडे ढकलतो: "अप", चार्जर, तापमान, एवढंच. तिकडच्या प्रोमिथिअसवर रिमोट राइट घेण्याचा पर्याय चालू केला आहे आणि पुढे टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) व पासवर्ड लावला आहे. हे दार उघडं ठेवू नका. 10 मिनिटं काहीच आलं नाही की तिकडून टेलिग्रामवर निरोप येतो.

रिमोट राइटची एक मर्यादा लक्षात असू द्या. पलीकडचा सर्व्हर 2 तासांपेक्षा जास्त वेळ भेटला नाही तर न पाठवलेले आकडे जातात. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उचकटलं की 2 तासांत ते जोडलं जाईल अशी अपेक्षा इथे कोणी धरत नाही. म्हणून घरातली नोंद खरी मानायची. मुंबईची प्रत फक्त हाक मारण्यापुरती.

ऊन

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येण्याआधी बोर्डांची जागा बदलली. पाय 4 चा प्रोसेसर 80 अंशांपासून वेग कमी करू लागतो आणि 85 ला आणखी आवरतं घेतो. टिनाच्या खोलीत दुपारी 2 ते 5 हा आलेख 80 च्या रेषेला चिकटून सपाट दिसायचा. गरम होत जाणारी रेघ अशी अचानक सपाट झाली की समजायचं, आता बोर्ड स्वतःला आवरतो आहे. जुन्या धाब्याच्या खोलीत, मातीच्या भिंतीशी दोन्ही बोर्ड हलवले आणि तीच दुपार 68 च्या आसपास गेली. पंखा तोच, केस तीच. कूलरच्या झोतात मात्र बोर्ड ठेवू नका, ती हवा गार असते पण ओलीही असते.

कमी दाबाचा इशाराही एजंटकडून मिळतो. बोर्डाला 4.63 व्होल्टच्या खाली मिळालं की पाय नोंद करतो आणि एचडब्ल्यूमॉनच्या (हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या) आकड्यांत ती दिसते. दुसऱ्या पायवर हा इशारा सारखा येत होता, तोही सेन्सरचं काम वाढलं की. घरातला दाब संध्याकाळी पडतो म्हणून तसं होत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेक अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतात आणि लॅपटॉपची पट्टी त्या वेळी हिरवीच होती. लांब आणि बारीक चार्जिंग केबल काढून आखूड, जाड तारेची लावली, इशारा थांबला.

आता पुढे

बाबांची थ्री फेज. नोड एक्सपोर्टरमध्ये टेक्स्टफाईल कलेक्टर आहे. ठरलेल्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाईल ठेवली की तो तिच्यातले आकडे आपल्या आकड्यांसोबत देतो. वावरातल्या मोटरच्या पेटीजवळ ईएसपी32 (वायफायची छोटी नियंत्रक चिप), तिन्ही फेजला ऑप्टोकपलर (मोठ्या दाबापासून वेगळं राहून वीज आहे का ते कळवणारा भाग) लावलेला तयार मॉड्यूल, तिथून एमक्यूटीटीने (सेन्सरचे निरोप पाठवायची पद्धत) ब्रोकरकडे आणि एक छोटी स्क्रिप्ट ती फाईल लिहील. फाईल आधी वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट फाईल कधी वाचली जाणार नाही. पेटीतलं काम गावातले वायरमनभाऊ करून देणार आहेत, 415 व्होल्टच्या पेटीत मी हात घालणार नाही. सोयाबीनची पेरणी आटोपली की ते येतील. ज्यांनी तीन फेजसाठी असं मॉड्यूल उन्हात, पेटीच्या आत वर्षभर चालवलं असेल, त्यांनी कोणतं घेतलं आणि किती टिकलं ते कळवा. त्यावरूनच खरेदी करीन.