बडोद्याच्या मैदानावर लांबट चेंडू

गुजरात मेल अंधारातच बडोद्याला पोचली. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या मामांनी माझी बॅग स्कूटरवर ठेवता ठेवता सांगितले, "घरी मागाहून जाऊ, आधी तुझं रग्बी बघू." बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होणारे अखिल भारतीय रग्बी स्पर्धेचे सामने मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, दांडिया बाजारात राहणाऱ्या आणि तरुणपणी कबड्डी गाजवलेल्या मामांना मात्र हा खेळ अगदी नवा होता.

उजाडता उजाडता मैदानावर अकरा मुले जमली. बहुतेक कबड्डीतून आलेली, मराठी-गुजराती मिसळून बोलणारी. प्रशिक्षक गुडघ्यावर बसून टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणे, शिकवत होते: डोके पळणाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला, खांदा त्याच्या मांडीवर, मग दोन्ही हातांची मिठी. एका मुलाने समोरच्याला सुरेख पाडले, मामा "शाब्बास!" म्हणाले आणि तेवढ्यात शिट्टी वाजली, कारण त्याने मिठी सोडलीच नव्हती. कबड्डीत चढाईवाल्याचा दम तुटेपर्यंत पकड ठेवायची असते; रग्बीत मात्र गडी जमिनीवर आला, की त्याला तत्काळ सोडून बाजूला व्हावे लागते, नाहीतर पेनल्टी जाते. "ही सवय मोडायला रोज यावं लागतं," प्रशिक्षक म्हणाले.

हे रोजचे येणे ज्या क्लबात होते, त्याच्याच बळावर राष्ट्रीय स्पर्धा उभी राहते, असे माझे ठाम मत आहे. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी, १८७८ मध्ये, कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून जो करंडक घडवला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. एखाद्या क्लबाचे काम असे टिकते, याचे बडोद्याला नवल वाटू नये. कबड्डीचे नियम १९२३ मध्ये छापले ते येथल्याच हिंदविजय जिमखान्याने.

सात जणांच्या रग्बीमुळे लहान गावांना संघ उतरवणे सोपे झाले, हे चांगलेच आहे. पण पंधरा जणांच्या खेळाची कसोटी वेगळी आहे. तेथे स्क्रम असतो, म्हणजे दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून रेटा देतात. त्याच्या पुढच्या फळीत कडेला दोन गडी, त्यांना प्रॉप म्हणतात, आणि मध्ये हूकर असतो. त्यांच्या माना-खांद्यांवर दोन्ही बाजूंचा रेटा येतो, म्हणून कच्चा गडी तेथे उभा करणे धोक्याचे असते आणि पक्के गडी उरले नाहीत, तर रेटा न देता नुसते स्क्रम लावावे लागतात. संघटना तारखा ठरवील, पंच पाठवील. प्रॉप मात्र क्लबातच घडतो, तोही काही मोसम घालवून.

मामा हे सारे लक्ष देऊन ऐकत होते. परत निघताना त्यांनी प्रशिक्षकांना विचारले, "प्रॉपला उंची किती लागते?"

"उंचीपेक्षा मान आणि कंबर बघतो, काका."

"मग आमच्या तालमीत दोघे आहेत," मामा म्हणाले. "उद्या किती वाजता आणू?"