कणी

तोंडली उभी चिरून झाली होती, काजू भिजले होते, खोबरं खवून झालं होतं, गोड्या मसाल्याचा डबा उघडून दगडफुलाचा तो विशिष्ट वास घरभर पसरला होता. आणि तांदळाच्या डब्यात तळाशी निघाला मूठभर आंबेमोहर. त्यातूनही एक सोंडा निवांत फिरायला निघालेला.

बाहेर पाऊस धो धो. फळीवर भाचीने उन्हाळ्याच्या सुट्टीत आणलेलं पेने पास्त्याचं पाकीट तसंच पडून होतं. म्हटलं, तांदूळ नाही तर हे. फोडणी तीच, मसाला तोच, पातेलंही तेच. आई खुर्चीत बसून गवार मोडत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मसालेभातात नळ्या?"

मी पहिली चूक केली ती निव्वळ हाताच्या सवयीने. पास्ता धुतला. दोन पाण्यांनी, चोळून, आणि तांदूळ निथळत ठेवतात तसा चाळणीत ठेवला. अर्ध्या तासाने नळ्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. दुसरी चूक वाटीची. भाताला एका वाटीला दोन वाट्या आधण, हे हिशेब हाडात मुरलेले. पण वाटीभर तांदूळ म्हणजे खरोखर वाटीभर तांदूळ. वाटीभर पेने म्हणजे निम्मी हवा. झाकण ठेवून, गॅस बारीक करून, मी भाताला देतो तशी इमानदारीत वाफ दिली. झाकण काढलं तेव्हा बाहेरून गिळगिळीत, तळाला लागलेलं आणि मधोमध मसाल्याचं पाणी साचलेलं असं काहीतरी समोर आलं.

"लापशी बरी जमलीये," आई म्हणाली.

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. तांदळाचा दाणा पाणी पितो, फुगतो आणि पाण्याबरोबर मसालाही आत ओढून घेतो. धुऊन वरचं पीठ गेलं की मोकळाही राहतो. पास्त्याची गोष्ट निराळी. तो म्हणजे बन्सीसारख्या कडक गव्हाचा रवा, पाण्यात मळून साच्यातून दाबून काढलेला. त्याचं वरचं पीठ पाण्यात उतरतं, आणि इटलीत ते दाटसर पाणी सगळं टाकून देत नाहीत. थोडं सॉसमध्ये घालतात, म्हणजे सॉस पास्त्याला धरून राहतो. भाताच्या बाबतीत आपण ज्या चिकटपणाला नावं ठेवतो, तोच तिथे कामाचा. मी मात्र तो नळाखाली धुऊन मोरीत सोडला होता.

भाताऐवजी पास्ता, हा प्रयोग करणारा मी पहिला नव्हे, हे नंतर लक्षात आलं. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वॅलेन्सियाजवळ गांदिया नावाचं गाव आहे. (आपलं गोंदिया नव्हे. तिथे भाताच्या गिरण्याच गिरण्या. या गांदियाने भातच बाजूला ठेवला.) वॅलेन्सियाचा पाएया म्हणजे उथळ, पसरट कढईत शिजवलेला भात. सांगतात ते असं की, तिथल्या एका मासेमारी नौकेवर कप्तानाला भात फार आवडायचा, इतका की बाकीच्यांच्या वाट्याला काही उरायचं नाही. आचाऱ्याने युक्ती केली, त्याच रश्श्यात तांदळाऐवजी शेवया टाकल्या. कप्तान कमी खाईल ही आशा. पण पदार्थ इतका जमला की त्याला फिदेउआ हे नाव मिळालं आणि तो गांदियाची ओळख होऊन बसला. गोष्ट खरी की खोटी देव जाणे, पण घरात एक तरी असा कप्तान असतो, एवढं मी जेवणावळींच्या अनुभवावरून सांगू शकतो.

त्यातली मला हवी ती गोष्ट वेगळीच होती. त्या शेवया बऱ्याचदा आधी तेलावर तांबूस परततात. म्हणजे आई उपम्याच्या शेवया भाजते तसंच. मी हे तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यात नवल काय? आणि वरणफळं म्हणजे तरी काय असतं? वरण-भातातला भात काढून कणीक घातलेली." मग लग्नाआधी रुखवतासाठी केलेले गव्हले, मालत्या, नखुल्या निघाल्या, बोटांच्या चिमटीत रव्याचा कण वळायची लकबही तिने हवेतच करून दाखवली. अंगठा आणि तर्जनी अजूनही सरळ चालत होती.

पुढच्या रविवारी पेने नाही, बारकी मॅकरोनी आणली. धुतली नाही. फोडणीत तोंडली परतून घेतली, मॅकरोनी त्यातच खमंग होईपर्यंत हलवली, मग गोडा मसाला, तिखट, मीठ. आधणाचं पाणी वाटीने न मोजता मॅकरोनीच्या वर जेमतेम येईल इतकंच, आणि झाकण उघडंच ठेवून अधूनमधून ढवळत राहिलो. भात शिजताना असं ढवळलं असतं तर आईने हातातून डाव काढून घेतला असता.

शितावरून भाताची परीक्षा करतात तशी एक मॅकरोनी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने दातांत धरली, थांबली.

"कणी आहे."

भाताला कणी राहणं म्हणजे करणाऱ्याची फजिती. पास्त्याला मात्र ती हवीच असते. इटालियन लोक त्याला अल देन्ते म्हणतात, म्हणजे दाताला लागणारा, असं मी समजावू लागलो. "त्यांचे दात त्यांचेच," ती म्हणाली. "मला अजून एक वाफ दे."

मग माझ्यापुरती मॅकरोनी ताटात काढून घेतली आणि उरलेल्यावर झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी तिचंही ताट वाढलं, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. तिने तुपाची वाटी पुढे ओढली, दोन चमचे सढळ हाताने सोडले, पहिला घास घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली,

"मठ्ठा नाही केलास?"