नेवार्कची जॅझ लायब्ररी, रस्टचे दोन खंड आणि तडा गेलेली एक रेकॉर्ड

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीत एक इस्टेट सेल होता, बायको भांडी बघत होती आणि मी आपला गॅरेजमध्ये उगाच घुटमळत होतो, तर तिथे एका खोक्यात अठ्ठ्याहत्तरच्या (म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या) वीसेक रेकॉर्ड सापडल्या. वरच जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडची 'हीबी जीबीज', ओकेह कंपनीची, नंबर 8300. काठापासून दोन बोटं आत तडा गेलेला, पण वाजते. दर फेऱ्याला टक् टक् करत वाजते.

झालं, तिथून पुस्तकांचं वेड लागलं. कारण लेबलवर तारीखच नसते. लेबलच्या बाहेर, खोबणी संपते तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर कोरलेला असतो, त्याला मॅट्रिक्स म्हणतात, तो पुस्तकात शोधला की कुठल्या दिवशी, कुठल्या गावात, कोण कोण वाजवत होतं ते सगळं कळतं. या कामातलं मुख्य पुस्तक ब्रायन रस्टचं, 1897 ते 1942 च्या जॅझ रेकॉर्डची यादी. 1978 ची चौथी आवृत्ती दोन जाडजूड खंडांत आहे. मी उत्साहात ऑनलाइन ऑर्डर मारली आणि घरी आला फक्त खंड दुसरा. जाहिरातीत फोटो दोन्हींचा, खाली बारीक अक्षरात एकाचाच उल्लेख. आर्मस्ट्राँग अर्थातच ए मध्ये, म्हणजे पहिल्या खंडात 😀

तेव्हा ठरवलं, आधी बघायचं मग घ्यायचं. म्हणून नेवार्कला रटगर्स विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीजला गेलो. मार्शल स्टर्न्स नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी 1952 साली ही संस्था काढली, तेव्हा सगळा पसारा त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरातच असायचा, मग 1966 मध्ये तो रटगर्सकडे आला. आता एक लाखाच्या वर रेकॉर्डिंग्ज आहेत, शिवाय पुस्तकं, मासिकं.

जायचं कसं ते सांगतो. एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन. पेन स्टेशन नाव ऐकून उठू नका आणि बसूनही राहू नका, नेवार्कला एक पेन स्टेशन आहे आणि न्यूयॉर्कला दुसरं, आपल्याला नेवार्कचं हवंय. तिथून लाइट रेलने दुसरं स्टेशन वॉशिंग्टन स्ट्रीट, मग थोडं चालून डेना लायब्ररी, चौथा मजला. ईमेल करून अपॉइंटमेंट घेऊनच जा आणि काय बघायचंय त्याची यादी आधी पाठवा, म्हणजे पुस्तकं काढून ठेवतात. पेन्सिल न्या, पेन नको. दाराशी माझ्या खिशातून तीन पेनं निघाली, ऑफिसची सवय.

रस्टचा पहिला खंड समोर आला आणि मी आधी घरून फोनवर काढून आणलेला फोटो उघडला. कोरलेलं 9534-ए. पुस्तकात बोट खाली खाली नेत गेलो, मिळालं: शिकागो, 26 फेब्रुवारी 1926. किड ओरी, जॉनी डॉड्स, लिल आर्मस्ट्राँग, जॉनी सेंट सिर. वाद्यांची नावं नुसत्या अक्षरांत, सी म्हणजे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य), बीजे म्हणजे बँजो, त्याचा तक्ता सुरुवातीला आहे, तो आधी वाचा नाहीतर माझ्यासारखं अर्धा तास डोकं खाजवाल. शंभर वर्षांपूर्वीची दुपार, आणि तिच्यातला एक तुकडा आमच्या कपाटात साड्यांच्या खाली!

तुम्ही म्हणाल, रस्टची नंतरची आवृत्ती पीडीएफमध्ये फुकट मिळते, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाचा डेटाबेसही फुकट आहे, मग एवढी यातायात कशाला? रस्टपुरतं खरंय, नंबर शोधायला तेवढं पुरतं. पण डेलोनेची 1936 ची पॅरिसची 'हॉट डिस्कोग्राफी', न्यू ऑर्लिन्सच्या ब्लॅकस्टोनचे 'इंडेक्स टू जॅझ'चे चार भाग, या रेकॉर्डच्या जुन्या याद्या, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही की या लोकांनी किती कमी माहितीवर किती काम केलं. आणि डच संग्राहक व्रीडे यांचं पॅरामाउंट कंपनीच्या 12000 आणि 13000 मालिकेवरचं पुस्तक, 1971 चं, ते तर मी सोडेचना. त्यात शिकागो डिफेंडर पेपरातल्या जुन्या जाहिराती छापल्यात. ही पॅरामाउंट म्हणजे विस्कॉन्सिनच्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचं पिल्लू. फर्निचरवाले! त्यांच्याच लेबलवर ब्लूज गायिका मा रेनीची 'सी सी रायडर' आली आणि मागे कॉर्नेटवर आपला आर्मस्ट्राँग.

1942 नंतरच्या रेकॉर्ड असतील तर रस्टवर पैसे घालू नका, त्याला येप्सेनच्या यादीचे अकरा खंड लागतात. एलपीवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डची पहिली छपाई ओळखायला लेबलवरचा पत्ता बघायचा (767 लेक्सिंग्टन आधीचा, 47 वेस्ट 63 नंतरचा) आणि मधल्या पट्ट्यात कानासारखी दिसणारी खूण, म्हणजे प्लास्टिलाइट कारखान्याचा पी. फ्रेड कोहेन यांचं 2010 चं पुस्तक यासाठीच आहे.

दुसऱ्या शनिवारी न्यूयॉर्कला स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानात गेलो, ब्रॉडवे आणि बाराव्या रस्त्याचा कोपरा, दुर्मिळ पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर. तीन तास शिड्या चढलो, मिळालं काहीच नाही, पाय मात्र गेले. त्यापेक्षा लिंकन सेंटरची परफॉर्मिंग आर्ट्स लायब्ररी बरी, एक नंबरची सबवे, 66 वा रस्ता. नुसतं वाचायचंच असेल तर पैसे वाचतात.

विकत घेताना विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: आवृत्ती कुठली, खंड किती आणि आधीच्या मालकाने पेन्सिलने खुणा केल्यात का. खुणा असल्या तर मी जास्त पैसे देईन, कारण असं पुस्तक बाळगणारा माणूस सहसा स्वतः रेकॉर्ड जमवणारा असतो आणि त्याने समासात छापील चुका दुरुस्त केलेल्या असतात.

माझा दुसरा खंड अजून एकटाच पडून आहे, 1978 चा, जॅकेट थोडं फाटलंय. कुणाकडे एकटा पहिला असेल तर कळवा, स्थळ चांगलं आहे.